दोन ऑफिसं आयपीसेकने जोडताना ठिपका नको, बाइट्स बघा

दोनेक वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे गेले होते. पुण्यात ऑफिस, नाशिकला गोदाम, आणि दोन्हीच्या मधे आयपीसेकचा टनेल, म्हणजे डेटाची पाकिटं इंटरनेटवरून झाकून नेणारी वाट, आधीच कोणीतरी लावून दिलेला. राउटरच्या पेजवर हिरवा ठिपका, त्यामुळे सगळे निश्चिंत. मी खरं तर एका प्रिंटरसाठी गेले होते पण सवयीने टनेलचं स्टेटस उघडलं आणि एका ओळीवर नजर अडकली, इन ० बाइट्स, आउट ० बाइट्स. दुपारचे साडेबारा वाजलेले, गोदामात बिलिंग जोरात चालू, आणि टनेलमधून एक बाइट गेलेला नाही.

शोधलं तेव्हा कळलं की गोदामातल्या ताईंच्या डेस्कटॉपवरचा आयकॉन जुनाच होता, पुण्याचा पब्लिक आयपी आणि पुढे पोर्ट नंबर. टनेल लावला त्या दिवशी तो आयकॉन कोणी बदलला नाही आणि राउटरवरचं जुनं पोर्ट फॉरवर्डही, म्हणजे बाहेरून थेट आतल्या सर्व्हरपर्यंत नेणारं दार, कोणी काढलं नाही, वर ते सॉफ्टवेअर साध्या, न झाकलेल्या एचटीटीपीवर चालणारं. म्हणजे तीन महिने बिलं, गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर, लॉगिनचे पासवर्ड सगळं उघड्यावरून जात होतं आणि टनेल शेजारी रिकामा उभा होता. ताईंची यात काहीच चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून नवीन मुलांना हे शिकवताना मी एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात घालते: टनेल लागला की नाही हे ठिपक्यावरून ठरवायचं नाही, पाकिटं बघून आणि बाइट्स मोजून ठरवायचं. खाली सगळं पहिल्यापासून सांगतेय, लिनक्स आणि स्ट्राँगस्वान हे आयपीसेकचं सॉफ्टवेअर घेऊन. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी हे आहे काय ते समजून घ्या

आज आपण जो आयपी वापरतो, म्हणजे आयपीव्ही४, त्याचं स्टँडर्ड सप्टेंबर १९८१ चं. त्यात पाकीट इकडून तिकडे पोचवायची सोय आहे, पण ते वाटेत कोणी वाचलं, बदललं, किंवा पाठवणाऱ्याचं नाव खोटं घातलं तर कळायची काहीच सोय नाही. ही उणीव भरायला ऑगस्ट १९९५ मधे आयपीसेकची पहिली स्टँडर्ड्स आली, मग १९९८ आणि २००५ मधे ती पुन्हा लिहिली गेली, आणि आज आपण वापरतो तो ढाचा या २००५ वाल्याचा.

मग एचटीटीपीएस आहे ना, हे कशाला, असं हमखास विचारतात. एचटीटीपीएस फक्त त्या एका अ‍ॅपचं बोलणं झाकतं. गोदामातलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर, फाइल शेअरिंग, प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यातलं प्रत्येक काही एचटीटीपीएस बोलत नाही, आणि तुम्ही त्या कंपन्यांना सांगून ते बोलणारही नाहीत. आयपीसेक खालच्या थरावर, थेट आयपीच्या पाकिटावर काम करतं, त्यामुळे वर कुठलं सॉफ्टवेअर चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, सगळंच झाकलं जातं.

ट्रान्सपोर्टने माल पाठवताना कसं, छोटी छोटी पार्सलं एका गोणीत भरतात, गोणीचं तोंड शिवतात आणि वर फक्त इकडच्या आणि तिकडच्या ऑफिसचा पत्ता लिहितात. आत कोणाचं काय आहे ते तिकडे गोणी उसवल्यावरच कळणार. टनेल मोड म्हणजे नेमकं हेच. आतलं पाकीट पत्त्यासकट एन्क्रिप्ट होतं आणि बाहेर दिसतात फक्त दोन गेटवेचे पत्ते. हे काम करणाऱ्याचं नाव ईएसपी. एएच म्हणून एक भावंड आहे, ते नुसतं सील मारतं, झाकत नाही, आणि नॅटमधून, म्हणजे पाकिटावरचा पत्ता बदलणाऱ्या राउटरमधून, नीट जातही नाही, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका.

गोणी शिवायचा दोरा, म्हणजे किल्ल्या, ठरवायचं काम आयकेईचं. दोन गेटवे आधी एकमेकांशी बोलून किल्ली बनवतात, मग मी तोच आहे हे सिद्ध करतात. आयकेई व्हर्जन २ मधे हे चार मेसेजमधे उरकतं. व्हर्जन १ ला एप्रिल २०२३ मधे अधिकृतपणे निवृत्त केलंय, तरी जुन्या राउटरवर ते डिफॉल्ट दिसतं, तिथे हाताने २ निवडायचं.

वायरगार्ड, म्हणजे टनेल लावायचा दुसरा प्रकार, का नको? नको असं नाही. मार्च २०२० मधे लिनक्स कर्नल ५.६ मधे आलं, छोटं आहे, लावायला सोपं आहे, दोन्ही टोकं तुमचीच असतील तर खुशाल वापरा. पण समोर बँक असेल, सरकारी खातं असेल किंवा दुसऱ्या कंपनीचा फायरवॉल असेल तर तिथून फॉर्म येतो तो आयपीसेकचाच, म्हणून हे यायला हवं.

पायरी १: कागदावर नकाशा

कीबोर्डला हात लावायच्या आधी कागद घ्या. दोन्हीकडचे आतले पत्ते लिहा. इथेच पहिली भानगड सापडते, कारण पुण्याचं राउटर १९२.१६८.१.० वर आणि नाशिकचंही १९२.१६८.१.० वरच, दोन्ही बॉक्समधून काढले तसे लावलेले. दोन्हीकडे एकच रेंज असेल तर पाकिटाला कळणार कसं की जायचंय कुठे. यावर नॅट करून जुगाड होतो पण मी सांगेन की एका रविवारी जाऊन एका जागची रेंज बदलून टाका, पुढची अनेक वर्षं वाचतील. आपल्या उदाहरणात पुणे १०.२०.१०.०/२४ आणि नाशिक १०.२०.३०.०/२४ धरू (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे ठरलेले, शेवटचा प्रत्येक मशीनचा).

मग पब्लिक आयपी. राउटरच्या पेजवर वॅनचा जो पत्ता दिसतो तो आणि ब्राउझरमधे माझा आयपी काय म्हणून शोधल्यावर येतो तो, दोन्ही सारखे आहेत का बघा. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ यातल्या आकड्याने सुरू होणारा पत्ता असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे नेटवाल्याने एकच पब्लिक पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय आणि बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी थेट पोचू शकत नाही. आपल्याकडे ब्रॉडबँडला आणि मोबाइलला हे सर्रास असतं. चालतं, पण निदान एका टोकाला स्टॅटिक पब्लिक आयपी लागतोच, त्याचे वर्षाचे पैसे भरा आणि दुसऱ्या टोकाने हाक मारायची असं ठरवा. आपण पुण्याला २०३.०.११३.१० देऊ, ही रेंज उदाहरणांसाठीच राखलेली आहे त्यामुळे कोणाच्या खऱ्या पत्त्याला धक्का नाही, आणि नाशिक सीजीनॅटच्या मागे.

तिसरी गोष्ट, टनेलमधून नक्की काय जाणार त्याची यादी. बिलिंग, फाइल शेअर, डीव्हीआर. ही यादी शेवटच्या पायरीला लागणार आहे, जपून ठेवा.

पायरी २: इन्स्टॉल आणि फॉरवर्डिंग

दोन्हीकडे डेबियन किंवा उबंटूचं एक छोटं मशीन, दोन लॅन कार्डवालं. पॅकेज दोन: स्ट्राँगस्वान-स्वानसीटीएल आणि चॅरॉन-सिस्टमडी. इंटरनेटवर जुन्या लेखांत आयपीसेक डॉट कॉन्फ नावाच्या फाइलचे नमुने मिळतील, ती जुनी पद्धत आहे, नवीन शिकणाऱ्याने सरळ स्वानसीटीएलच शिकावं, दोन्हीची खिचडी केली तर कुठली फाइल लागू झाली तेच कळत नाही.

सिसीटीएलमधे, म्हणजे लिनक्स कर्नलच्या सेटिंगमधे, आयपी फॉरवर्ड १ करा, म्हणजे मशीन दुसऱ्यांची पाकिटंही पुढे पाठवेल. हे राहिलं तर टनेल लागतो, मशीनवरून पिंगही जातो, पण मागच्या कॉम्प्युटरवरून काही जात नाही.

आणि हे मशीन त्या लॅनचं डिफॉल्ट गेटवे नसेल, म्हणजे नेटवाल्याचं राउटरच गेटवे असेल, तर त्या राउटरवर एक स्टॅटिक राउट टाकावा लागतो की १०.२०.३०.० साठी या मशीनकडे ये. नाहीतर नाशिकहून पाकीट येतं, सर्व्हरपर्यंत पोचतं, आणि उत्तर मात्र भलत्याच दाराने बाहेर पडतं.

पायरी ३: गुप्त किल्ली

सर्टिफिकेट जास्त चांगलं, यात वाद नाही, पण पहिल्यांदा करताना मी प्रीशेअर्ड कीने, म्हणजे दोन्हीकडे आधीच लिहिलेल्या एकाच गुप्त ओळीने, सुरू करायला सांगते, नाहीतर टनेल लागला नाही तर चूक सर्टिफिकेटमधे आहे की नेटवर्कमधे यातच दोन दिवस जातात. फक्त की माणसाने सुचवलेली नको. मी दुसऱ्यांनी लावलेले जितके टनेल उघडून बघितलेत त्यातल्या निम्म्यांची की कंपनीचं नाव, अ‍ॅट, १२३ अशी होती. आयकेईमधे अडचण अशी आहे की कोणी मधे बसून स्वतःला पुण्याचा गेटवे म्हणवून घेतलं तर नाशिकच्या गेटवेचं ओळख पटवणारं उत्तर त्याच्या हाती लागतं, आणि मग तो घरी बसून शांतपणे एक एक शब्द लावून बघू शकतो, तुमच्या लॉगमधे त्याचे प्रयत्न दिसणारही नाहीत. ओपनएसएसएलला रँड, बेस६४, ३२ असं सांगा, ४४ अक्षरांची ओळ मिळते, ती डिक्शनरीतून कोणालाही सापडणार नाही. ती ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, पेन ड्राइव्हने न्या किंवा दुसऱ्या मशीनवर एसएसएचने लॉगिन करून तिथेच पेस्ट करा.

टनेल स्थिर झाला की महिन्याभरात सर्टिफिकेटवर या. स्ट्राँगस्वानसोबत पीकेआय नावाचं टूल येतं, त्यानेच छोटं सीए, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारं, बनवता येतं. तेव्हा दोन्ही मशीनचं घड्याळ बरोबर असणं भाग आहे, घड्याळ मागे असेल तर सर्टिफिकेट अजून सुरूच झालं नाही असं समजून ते नाकारलं जातं, आणि लाइट जाऊन येऊन सेल उतरलेल्या जुन्या मशीनवर हे खरंच होतं. एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा, चालू ठेवा. तसंही सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी जुळवून ठेवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय.

पायरी ४: कॉन्फिग

फाइल ईटीसीखाली स्वानसीटीएल फोल्डरमधे. वर कनेक्शन्स, त्यात एक नाव, त्यात चिल्ड्रन, आणि शेवटी सीक्रेट्स. पुण्याकडे व्हर्जन २, लोकल अ‍ॅड्रेस २०३.०.११३.१०, रिमोट अ‍ॅड्रेस टक्क्याचं चिन्ह आणि एनी, कारण नाशिक कुठल्या पत्त्यावरून येईल माहीत नाही. दोन्हीकडे आयडी स्पष्ट लिहा, साधी नावं चालतात, पुण्याचा आयडी पुणे आणि नाशिकचा नाशिक. आयडी न लिहिता सोडला तर आयपी पत्ताच आयडी धरला जातो आणि नॅटच्या मागचा पत्ता समोरच्याला अपेक्षित नसतो, मग ऑथेंटिकेशन फेल्ड येतं आणि माणूस बिचारा की पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

अल्गोरिदम निवडताना घाबरायचं कारण नाही, एक चांगला जोड घ्या आणि दोन्हीकडे तोच लिहा. आयकेईसाठी एईएस २५६ जीसीएम १६, पीआरएफ शा ३८४, आणि कर्व्ह २५५१९. ईएसपीसाठी एईएस २५६ जीसीएम १६ आणि तोच कर्व्ह. समोरचा जुना डबा कर्व्ह २५५१९ बोलत नसेल तर ग्रुप १९ घ्या, तेही नाही तर ग्रुप १४ (ग्रुप म्हणजे किल्ली ठरवायच्या गणिताचा प्रकार, कर्व्हही त्यातलाच). त्याच्या खाली जाऊ नका. ग्रुप २, म्हणजे १०२४ बिटवाला, २०१५ साली लॉगजॅमच्या संशोधनात मोठ्या सरकारी यंत्रणांच्या आवाक्यातला आहे असं दाखवलं गेलंय. ट्रिपल डीईएसही नको, त्याचा ६४ बिटचा छोटा ब्लॉक हाच त्याचा कच्चा दुवा आहे हे २०१६ मधे स्वीट३२ ने दाखवलं. समोरच्या कंपनीचा माणूस आमच्याकडे एवढंच चालतं म्हणाला तर नम्रपणे पण ठाम नाही म्हणा आणि फर्मवेअर अपडेट करायला लावा, मी हे भांडण बऱ्याचदा केलंय आणि बहुतेक वेळा पर्याय मेन्यूत खाली कुठेतरी असतोच.

चिल्ड्रनमधे लोकल टीएस आणि रिमोट टीएस, म्हणजे कुठल्या पत्त्यांची पाकिटं टनेलमधून जाणार ते. पुण्याकडे लोकल १०.२०.१०.०/२४, रिमोट १०.२०.३०.०/२४, नाशिककडे बरोबर उलटं. यात एक आकडा चुकला की टीएस अनअ‍ॅक्सेप्टेबल.

नाशिककडे अजून थोडं जास्त लागतं कारण हाक तिथून जाणार. स्टार्ट अ‍ॅक्शन स्टार्ट, डीपीडी (समोरचा जिवंत आहे का ते तपासणं) डिले ३० सेकंद, डीपीडी अ‍ॅक्शन रीस्टार्ट, आणि कीइंग ट्राइज ० नक्की टाका. ० म्हणजे थकू नकोस, लागेपर्यंत प्रयत्न कर. डिफॉल्ट १ असतं, म्हणजे हाक मारायची, चारपाच वेळा पुन्हा मारायची, आणि साधारण १६५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर गप्प बसायचं. पुण्यात लाइट जाऊन इन्व्हर्टर संपला की नाशिकचं मशीन पावणेतीन मिनिटं वाट बघून गप्प, मग लाइट आली तरी टनेल नाही, आणि सकाळी सात वाजता गोदामातून फोन.

पायरी ५: फायरवॉल, इथे सावकाश

पुण्याला बाहेरून यूडीपी ५०० आणि यूडीपी ४५०० उघडा. ईएसपीचा नंबर ५० आहे, पण तो पोर्ट नाही, प्रोटोकॉल नंबर आहे, जसा टीसीपीचा ६ आणि यूडीपीचा १७. नवीन मुलं टीसीपी पोर्ट ५० उघडून बसतात आणि मग चालत का नाही म्हणून विचारतात. मधे नॅट असेल, आणि आपल्याकडे आहे, तर ईएसपी यूडीपी ४५०० च्या आत गुंडाळून जातो, प्रोटोकॉल ५० बाहेर दिसतच नाही. नॅटवाल्या राउटरने ही वाट विसरू नये म्हणून स्ट्राँगस्वान दर २० सेकंदांनी एक छोटं पाकीट सोडत राहतं.

आता मास्करेड. इंटरनेटसाठी तुमच्या मशीनवर मास्करेडचा नियम असेलच, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा पाठवणारा बदलून गेटवेचा पत्ता घालणारा. तोच नियम टनेलच्या पाकिटालाही लागला तर १०.२०.३०.५ चं पाकीट १०.२०.३०.५ चं राहत नाही, मग ते टीएसमधे बसत नाही, आणि टनेलमधे न शिरता सरळ इंटरनेटच्या दिशेने निघतं. ठिपका तेव्हाही हिरवाच असतो! म्हणून पोस्टराउटिंगमधे, म्हणजे पाकीट बाहेर पडण्याआधीच्या नियमांत, मास्करेडच्या वर एक नियम घाला, ज्या पाकिटाला आयपीसेकची पॉलिसी लागते त्याला हात लावू नकोस, तसंच जाऊ दे. आयपीटेबल्समधे यासाठी पॉलिसी नावाचं मॅच आहे, डिर आउट, पोल आयपीसेक, जंप अ‍ॅक्सेप्ट.

आणि दुसरा नियम, जो फार थोडे लोक घालतात. टनेल पडला तर पाकिटांचं काय होतं? पॉलिसीच उडते आणि तीच पाकिटं डिफॉल्ट राउटने उघडी बाहेर जातात. पुढे नेटवाला खाजगी पत्ता बघून ती टाकून देतो हे खरं पण तुमच्या दाराबाहेर तर ती उघडीच पडली. म्हणून नाशिकला फॉरवर्डमधे, म्हणजे मशीनमधून पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांत, लिहा की १०.२०.१०.० कडे जाणारं पाकीट आयपीसेकशिवाय जात असेल तर ड्रॉप, पुण्याला १०.२०.३०.० साठी असाच. त्यानंतर टनेल पडला तर काम थांबेल, फोन येईल, पण माहिती बाहेर जाणार नाही. काम थांबलेलं परवडतं.

पायरी ६: लावा, आणि मग मोजा

स्वानसीटीएल, हायफन हायफन, लोड ऑल. नाशिकला इनिशिएट, चाइल्डचं नाव. दुसऱ्या खिडकीत स्वानसीटीएल लॉग चालू ठेवा. नो प्रपोजल चोझन आलं तर दोन्हीकडचे अल्गोरिदम जुळत नाहीत. ऑथेंटिकेशन फेल्ड म्हणजे की किंवा आयडी. नुसतंच रीट्रान्समिट, रीट्रान्समिट येत राहिलं तर पाकीट पुण्यापर्यंत पोचत नाहीये किंवा उत्तर परत येत नाहीये, फायरवॉल बघा, कॉन्फिगला हात लावू नका.

मग लिस्ट एसएएस, म्हणजे चालू टनेलची यादी. एस्टॅब्लिश्ड दिसेल, खाली इन्स्टॉल्ड आणि टनेल इन यूडीपी दिसेल. इथे आनंद होतो आणि माणूस घरी जातो. जाऊ नका. खालच्या दोन ओळी बघा, इन आणि आउट, बाइट्स आणि पॅकेट्स. नाशिकच्या एखाद्या खऱ्या कॉम्प्युटरवरून, गेटवेवरून नाही, पुण्याच्या सर्व्हरला पिंग लावा आणि दोन्ही आकडे वाढतात का बघा. आउट वाढतोय आणि इन नाही, तर समोरचं उत्तर हरवतंय, राउट किंवा मास्करेड. दोन्ही शून्य, तर पाकीट टनेलकडे येतच नाही. दर तासाला किल्ली बदलते तेव्हा हे आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे एकदा शून्य दिसलं म्हणून दचकू नका, मिनिटभर थांबून परत बघा.

आता डोळ्यांनी. नाशिकच्या बाहेरच्या कार्डवर टीसीपीडंप, म्हणजे कार्डवरून जाणारी पाकिटं दाखवणारं टूल, लावा, यूडीपी पोर्ट ४५००. यूडीपी एन्कॅप, ईएसपी, एसपीआय (टनेलचा ओळख क्रमांक) आणि पुढे वाढत जाणारा सीक्वेन्स नंबर, एवढंच दिसायला हवं. मग फिल्टर बदलून होस्ट १०.२०.१०.५ लावा, बाहेर जाणारं एकही पाकीट दिसायला नको. इथे एक गोष्ट सांगून ठेवते नाहीतर तुमची झोप उडेल: लिनक्सवर आत येणारं पाकीट उलगडल्यावर त्याच कार्डवर पुन्हा एकदा उघडं दिसतं, टीसीपीडंप त्याला दोनदा पकडतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळं उघडं चाललंय असं वाटून रात्री अकरा वाजता टनेल बंद केला होता. जाणारी पाकिटं बघा, ती एकदाच आणि झाकलेलीच दिसतात.

पायरी ७: एक तास थांबा

हे कोणी सांगत नाही म्हणून मी वेगळी पायरी केलीये. टनेल छान चालतो, तुम्ही निघता, आणि बरोबर तासाभराने बंद पडतो. पुन्हा लावला की पुन्हा एक तास. कारण असं की पहिल्यांदा टनेल लागतो तेव्हा ईएसपीची किल्ली आयकेईच्याच देवाणघेवाणीतून निघते, वेगळा डिफी-हेलमन, म्हणजे किल्ली ठरवायचा हिशोब, होत नाही, त्यामुळे ईएसपीच्या ओळीत दोन्हीकडे वेगवेगळा ग्रुप लिहिला असला तरी कोणी तक्रार करत नाही. तासाने किल्ली बदलायची वेळ येते तेव्हा पहिल्यांदा तो ग्रुप वापरात येतो आणि तेव्हा कळतं की जुळत नाही. तास थांबायची गरज नाही, स्वानसीटीएलला रीकी आणि चाइल्डचं नाव द्या, जागच्या जागी परीक्षा होते. ही परीक्षा झाल्याशिवाय गाडीत बसू नका, विशेषतः तुम्ही पुण्याचे आणि मशीन नाशिकला असेल तर.

पायरी ८: पिंग जातो पण फाइल जात नाही

पिंग मस्त, लॉगिन पेज उघडतं, पण बिलांची यादी उघडली की गोल गोल फिरत राहतं. हे दिसलं की एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, तपासायची. साधं पाकीट १५०० बाइट्सपर्यंत असतं, पीपीपीओई असेल तर १४९२, आणि आपण त्यावर बाहेरचा आयपी, यूडीपी, ईएसपी हे सगळं चढवतो, साठ-पासष्ट बाइट्स जातात. मोठी पाकिटं मग बसत नाहीत, आणि वाटेतल्या कोणीतरी ते कळवणारे आयसीएमपी मेसेज अडवलेले असले की पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तपासायला पिंगमधे तुकडे करू नको हा पर्याय आणि साइज १३७२ द्या, वरचे २८ धरून १४०० होतात. ते गेलं तर फायरवॉलमधे टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पाकिटातल्या डेटाची मर्यादा, १३६० वर बांधून टाका. एक ओळ आहे, पण तिच्यासाठी लोकांनी दोन दोन आठवडे सॉफ्टवेअरवाल्याशी भांडण केलेलं मी बघितलंय.

पायरी ९: जुनी दारं बंद

टनेल लावून जुनं पोर्ट फॉरवर्ड तसंच ठेवणं म्हणजे नवीन कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणं. पहिल्या पायरीची यादी काढा. यादीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन आयकॉन, बुकमार्क, मोबाइलमधलं डीव्हीआरचं अ‍ॅप, सगळीकडे जुना पब्लिक पत्ता काढून १०.२० वाला आतला पत्ता घाला. मालक घरून मोबाइलवर कॅमेरा बघत असतील तर त्यांचा फोन टनेलच्या बाहेर आहे, त्यांना वेगळं व्हीपीएन कनेक्शन द्यावं लागेल, ते आधीच सांगा नाहीतर संध्याकाळी ते स्वतःच नेटवाल्याकडून पोर्ट उघडून घेतील. उघडे डीव्हीआर काय करू शकतात ते २०१६ मधे मिराई नावाच्या मालवेअरने जगाला दाखवलं, कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा करूनच ती फौज उभी राहिली होती.

मग टनेलच्या आतही चाळणी लावा. नाशिकच्या हजेरी मशीनला पुण्याच्या अकाउंट्स सर्व्हरकडे जायचं काही कारण नाही. यादीतले पत्ते आणि पोर्ट तेवढे फॉरवर्डमधे मोकळे, बाकी बंद. आणि हेही लक्षात असू द्या की गोणी गेटवेवर उसवली जाते, पुढे लॅनमधे पाकीट उघडंच फिरतं, त्यामुळे सॉफ्टवेअरवाला एचटीटीपीएस देत असेल तर टनेल आहे म्हणून नको म्हणू नका, दोन्ही ठेवा.

आता राउटरवरची पोर्ट फॉरवर्डं एक एक करून काढा, सकाळी कामाच्या वेळेत काढा, रात्री नको, कारण कुठला आयकॉन राहिला असेल तर तिथून लगेच हाक आली पाहिजे आणि तुम्ही तिथे हजर असायला पाहिजे. त्या गोदामात मी अकरा वाजता शेवटचं फॉरवर्ड काढलं, दोन मिनिटांत ताई म्हणाल्या माझं बंद पडलं, त्यांच्या शेजारी बसून आयकॉनमधला पत्ता बदलला, बिल उघडलं, आणि मी लिस्ट एसएएस पुन्हा मारलं तेव्हा तिथे पहिल्यांदा शून्य सोडून दुसरा आकडा होता. मग फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावरून पुण्याचा जुना पत्ता आणि पोर्ट टाकून बघितला. उघडला नाही.